भूगोल कळल्याबिगर पोरगी द्यायची न्हाय

राजारामपुरी, कोल्हापूर
श्रावणातला पहिला सोमवार

तीर्थस्वरूप दाजी विजयसिंहराव यांच्या पायांवर धाकटा मेहुणा हंबीरराव याचं डोकं (आहे तेवढ्या केसांसकट).

आपली प्रकृती, अक्काची कंबर, दारातल्या दोन्ही म्हशी आणि विहिरीवर नवी बसवलेली मोटर ही सगळी मंडळी ठणठणीत असतील अशी खात्री बाळगतो. इकडं आम्ही खुशाल आहोत. शिरोलीचा कारखाना चालू आहे, भट्टी तापते आहे, कामगार माझ्यावर आणि मी कामगारांवर आवाज चढवतो आहे, म्हणजे सगळं जिथल्या तिथं आहे. मलकापुरात यंदा पावसानं रस्ता किती ठेवलाय ते कळवावं. हल्लीच्या दिवसांत पत्र कसलं लिहितोस, असं आपण म्हणाल. पण परत आल्यापासून मी फोन केला आणि 'क्रांती' एवढं म्हटलं की आपण फोन ठेवता. पत्राचं तसं नसतं. हातात पडलं की आपण ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, कारण लिहिलेला कागद अर्धा सोडायची आपल्याला सवय नाही (वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा आपण उलगडून वाचता, हे मी माझ्या बहिणीच्या लग्नापासून बघतो आहे). आणि आता 'आपण आपण' लिहून माझा हात आखडला, तेव्हा इथून पुढं नेहमीसारखं 'तुम्ही' म्हणतो. राग मानू नये, आणि मानला तरी पत्र वाचावं.

हुकूम देऊन विसरायची तुमची पद्धत आहे म्हणून आधी हुकमाची आठवण देतो. आपली क्रांती गवताचा अभ्यास करायला ब्राझीलच्या पार दक्षिणेच्या टोकाला गेली. गवताचा काय अभ्यास करायचा, कापायचं आणि टाकायचं, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होता, तरी स्टेशनवर पेढे वाटले होते. मग वैशाखात तिनं कळवलं की तिथल्या एका पशुपालकाच्या मुलाशी, लेआंद्रो नावाच्या, लग्न करायचं मनात आहे. अक्का रडली. तुम्ही रडला नाही, ओरडलाही नाही, फक्त पोरीचं नाव घ्यायचं सोडलं. नाव क्रांती ठेवायचं आणि मग पोरीनं काही केलं की तोंड फिरवायचं, हे काही मला पटलं नाही, पण तेव्हा बोललो नाही. मग भावकी जमवून तुम्ही निकाल दिला, "भूगोल कळल्याबिगर पोरगी द्यायची न्हाय. हंबीरराव, तू मामा हाईस. तू जा, गाव बघ, आणि खोट काढल्याबिगर परत येऊ नगंस." सगळ्यांनी माना हलवल्या. माझा पासपोर्ट मागच्या वर्षी कारखान्याच्या प्रदर्शनासाठी काढलेला होता, त्यामुळं सुटकाही नव्हती.

आता मुलगा बघायला जायचं म्हणजे आपण मुलगा सगळ्यात शेवटी बघतो. आधी गाव, रस्ता, पाण्याची बाजू, माती, गोठा, घराचं दार कुणीकडं, बांधाला बांध कुणाचा, ते बघायचं. नंतर चहाच्या गाड्यावर बसून, आपण कोण ते न सांगता, घराण्याची बाहेरून चौकशी. एवढं जुळलं तर मग मुलाला पाणी घेऊन बाहेर यायला सांगायचं. मीही ठरवलं, तिथं याच क्रमानं जायचं. प्रवासाचं काही सांगत नाही. विमान, परत विमान, मग रात्रभर बस, मग खड्ड्यांतून पिकअप. शेवटचा टप्पा फक्त आपल्या रस्त्यांसारखा वाटला, म्हणून तेवढ्यात झोप लागली.

त्या गावाचं, म्हणजे नगरपालिकेचं नाव पासो दास गार्सास. अर्थ बगळ्यांचा उतार. नदी जिथं पायी ओलांडता येते ती जागा. नगरपालिका म्हणतात आणि चौकात तिची पिवळी इमारतही आहे, पण हद्द एवढी की आपला आख्खा भुदरगड तालुका आत ठेवला तरी कडेला जागा उरावी. माणसं मात्र गारगोटीच्या बाजारात एका दुपारी मावतील इतकीच. बाकी सगळं गवत. दाजी, गवत म्हणजे किती ते मी कसं सांगू! आपल्याकडं गवत हे दोन उसांच्या मधे, बांधावर, कुणाची तरी परवानगी घेऊन उगवतं. तिथं जमीन म्हणजेच गवत. त्यात मधेच गाई, मधेच मेंढ्या, मधेच शहामृगाच्या चुलतभावासारखा एक पक्षी, आणि वर आभाळ. मी डोंगर कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांनी मोठ्या अभिमानानं पिकअप वर चढवली आणि म्हणाले, हा. आपल्या विशाळगडाच्या वाटेवर असल्या उंचवट्यावर एसटी गिअरसुद्धा बदलत नाही. अशा लांबच लांब पाठी एकामागून एक, गोधडी झटकून टाकल्यासारख्या, आणि दोन पाठींच्या मधे ओढा. ओढ्याला पाणी बारमाही आहे (ही खोट नाही, पण प्रामाणिकपणे नोंदवतो). माती काळी आहे हे बघून मी खूश झालो, पण पहारीनं हातभर खणून बघितलं तर खाली खडक. ही पहिली खोट. ऊस नाही, कारण हिवाळ्यात दहिवर गोठतं आणि कोंब जळतो. ही दुसरी, आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनं हीच मोठी. खालच्या पाणथळ भागात भात करतात, पण विमानासारखा आवाज करणाऱ्या यंत्रानं, त्यामुळं रोपलावणीला बायकांची गाणी नाहीत, भांडणंही नाहीत.

पोचलो त्या संध्याकाळी घरच्यांनी शेगडीपाशी बसवलं. आपल्याकडं आषाढ, तिकडं कडाक्याची थंडी. वाऱ्याला नावसुद्धा आहे, मिनुआनो, आणि तो दोन स्वेटरांच्या मधून नाव सांगतच आत येतो. मुलाची आई इव्होनीबाई, बांध्यानं आणि आवाजानं अक्कासारखीच. तिनं एका वाळक्या भोपळ्यात हिरवा कडू चहा आणला. त्यात एकच लोखंडी नळी, आणि तीच सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायची. उष्ट्याचा विचार बाजूला ठेवून मी माझी पाळी घेतली आणि भोपळा परत देताना, क्रांतीनं शिकवलेला एकुलता एक शब्द मोठ्या आवाजात म्हणालो, ओब्रिगादो, म्हणजे आभारी आहे. त्यानंतर भोपळा सगळ्यांकडं फिरला, माझ्याकडं आलाच नाही. माझ्या नाकासमोरून चार वेळा गेला! मी मनात म्हटलं, सापडली, पहिल्याच दिवशी पाहुण्याचा अपमान, दाजींना हीच खोट पुरे. जेवताना तोंड फुगवून बसलो. (मटणाला तिथं नुसतं खडेमीठ लावून भाजतात, त्यानं तोंड अजून फुगलं.) झोपताना क्रांतीनं सांगितलं की तिथं आभार मानले म्हणजे 'आता पुरे' असा अर्थ होतो. आभार न मानता भोपळा परत दिला असता तर रात्रभर पाजला असता. असो, ती खोट गेली.

दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायच्या बेतात होता, पण डोक्यावर आला नव्हता, एका बाजूला कललेला होता. मी अंगणात उभा राहिलो, ऊन कुठून येतंय ते बघितलं आणि मला एकदम जोर आला. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो हे काही मला कुणी शाळेत शिकवावं लागलं नाही, आपण सोप्यात बसून उन्हाकडं पाठ करत मोठे झालो. ऊन सरळ त्यांच्या दारातून आत येत होतं. म्हणजे घराचं दार दक्षिणेला! दाजी, मी एवढा आनंदलो की क्रांतीला हाक मारून तिथंच सांगितलं, हे घर चालायचं नाही, दक्षिणमुखी आहे. दार बुजवा, मागच्या भिंतीला नवं पाडा, मग बघू. पोरगी काहीतरी सांगायला लागली, तर मी म्हटलं, वडीलमाणसांच्या मधे बोलू नकोस. इव्होनीबाई हसून भाकरीसारखं काहीतरी देत होत्या, तेही घेतलं नाही. त्याच तावात हद्द बघायला निघालो. आपल्याकडं जमीन बघायची म्हणजे चारी बांध पायानं चालून बघायचे. त्यांनी घोडा देऊ केला. मी म्हटलं, घोड्यावरून बघितलेली हद्द खरी नसते.

तारेच्या कडेनं तासभर चाललो. बांध नाही, तार. तारेपलीकडं माणूस नाही, गाय. ना देऊळ, ना पार, ना तिकटी, ना 'या रस्त्यानं जाऊ नये' असा बोर्ड. मग एक ओढा आडवा आला, त्याला वळसा घातला, आणि तारेची साथ सुटली. मोबाईलला रेंज नव्हती. घाबरायचं कारण नव्हतं, कारण दिशा माझ्या पाठ होत्या. घर पूर्वेला, तेव्हा सूर्याच्या हिशोबानं पूर्वेला चालत राहिलो. चालता चालता टिटव्या मागं लागल्या. (टिटव्या तिथंही आहेत आणि आपल्यापेक्षा भांडखोर आहेत. डोक्यावर झेप घेतात. माझ्या टकलावर त्यांचा विशेष राग दिसला.) मी जेवढा पूर्वेला जात होतो तेवढं गवत वाढत होतं. आणि मग, दाजी, माझ्या डोळ्यांदेखत सूर्य पूर्वेला मावळला. लाल होऊन, व्यवस्थित, काही चुकलं असं न दाखवता. मी एका दगडावर बसलो. जन्मात पहिल्यांदा वाटलं की मी कुठं आहे ते मला माहीत नाही आणि ते विचारायला जवळपास कुणी पावणंसुद्धा नाही. अक्काची आठवण आली. तुमचीही आली, पण ती रागानं.

नंतर कळलं ते असं. पृथ्वीच्या त्या अंगाला सूर्य उत्तरेकडून जातो. त्यामुळं माझी दक्षिण ही त्यांची उत्तर, त्यांचं दार उत्तरमुखी (उत्तम!), आणि मी चाललो होतो ती पश्चिम. हेच क्रांती सकाळी सांगत होती. तोवर इकडं काय झालं होतं, तर नगरपालिकेच्या गावात एक लहानसं रेडिओ केंद्र आहे. कुणाचा बैल सुटला, कुणाला मुलगा झाला, डॉक्टर मंगळवारी येणार नाहीत, हे सगळं त्यावर सांगतात, कारण घराघरांत अंतरं फार. त्या रेडिओवर सांगितलं गेलं की भारतातला एक मामा, टक्कल, दोन स्वेटर आणि चामडी पायताणं, गवतात हरवला आहे. दिसल्यास घेऊन यावं, त्याला हिरवा चहा आवडत नाही. झालं! आख्खी नगरपालिका बाहेर पडली. घोडे, पिकअप, ट्रॅक्टर, एक पाद्री मोटरसायकलवर. एवढी माणसं त्या गवतात राहतात हे मला तेव्हाच कळलं. शेवटी एका जाडजूड बाईनं मला ट्रॅक्टरवर घेतलं आणि घरी पोचेपर्यंत ती काहीतरी गात होती. रागवलं कुणीच नाही. आपल्याकडं एखादा पाव्हणा असा हरवला असता तर आपणही गेलो असतो, पण वर्षभर त्याला हिणवलं असतं. तिथं हिणवलंही नाही, हे मला जरा खटकलं.

आता मुलाबद्दल. लेआंद्रो उंच, कमी बोलणारा, उन्हानं कान लाल झालेला.  मी सापडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायात बूट चढवून अंगणात उभा. क्रांतीनं त्याला सांगितलं होतं की आमच्याकडं हद्द चालून बघतात. तर तो म्हणाला, मामांची हद्द अर्धी राहिली आहे, उरलेली बघू. दाजी, त्या मुलखात माणूस पायी दिसला तर लोक समजतात घोडा मेला. पण तो माझ्याबरोबर दिवसभर पायी चालला. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, मोबाईलमधल्या दुभाष्या बाईकडून, पलीकडं कुणाची जमीन ते सांगत गेला. एके ठिकाणी तार बरीच आत सरकलेली दिसली. माझे डोळे चमकले. म्हटलं, "शेजाऱ्यानं खाल्ली न्हवं जमीन?" तो म्हणाला, नाही. पलीकडच्या म्हातारीच्या मेंढ्यांना ओढ्यापर्यंत वाट नव्हती, म्हणून वडिलांनी तार मागं घेतली. मी त्या दुभाष्या बाईला तीन वेळा परत सांगायला लावलं. आपल्याकडं वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात, आणि हा माणूस आनंदानं सांगतोय की आम्ही जमीन मागं घेतली! ही खोट मी लिहून ठेवली, पण ती तुमच्यापुढं कशी मांडायची ते कळेना. संध्याकाळी त्यानं बूट काढले तर दोन्ही टाचा सोलून निघालेल्या. मी बघितलं हे त्याला कळू नये म्हणून मी गाईंकडं बघत बसलो.

तरीही बाहेरून चौकशी राहिली होती. चहाचा गाडा तिथं नाही, पण चौकात एक दुकान आहे, तिथं खिळे, पाव, दारू, घोड्याचं खोगीर, सगळं मिळतं. मी एकटाच गेलो, आपण कोण ते न सांगता. (दोन दिवसांपूर्वी रेडिओवर सांगितलं गेलेल्या माणसानं आपण कोण ते न सांगणं जरा अवघड जातं.) दुकानदार दार्सी नावाचा, मिशा तुमच्यासारख्या. मी माझ्या मोबाईलमधल्या दुभाष्या बाईकरवी विचारलं, हे घराणं कसं, पोरगा दारू पितो का, रागीट आहे का, देणंघेणं कसं. तो प्रत्येक प्रश्नाचं शांतपणे उत्तर देत होता. दारू सणाला पितो, रागीट नाही, घोड्यावर चांगला, हिशोबात कच्चा. मी मनात म्हटलं, अखेर एक खरं बोलणारा भेटला. मग त्यानं मला खुर्ची दिली आणि मलाच विचारायला सुरुवात केली. मुलीचं गाव कसं आहे, पाणी आहे का, गवत किती, माणसं कशी, भांडतात का. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तर म्हणाला, मी मुलाचा मामा आहे. तिथंही हे काम मामाकडंच असतं, दाजी. दोघं मामा एकमेकांकडं बघून एवढे हसलो की गिऱ्हाईकं बाहेरून डोकावली.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी क्रांती माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आली. ती आता बारीक झाली आहे आणि घोड्यावर बसते. चांगली बसते. मी तिला तुमचे प्रश्न सांगत होतो, मातीचं काय, पाण्याचं काय, दाराचं काय. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, बाबांनी समदं विचारलं. माझं काय विचारलं का?" मी म्हटलं, "विचारलं की." ती म्हणाली, "काय?"  मी खोटं बोलायला घाबरणारा माणूस नाही हे तुम्ही जाणता, पण तिथं जमलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि तुमचा रागही आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकला.

असो. तुमच्या हुकमाप्रमाणं सगळ्या खोटी प्रामाणिकपणे कळवल्या. खाली खडक, ऊस नाही, डोंगर नाही, वारा फार, मटणाला मसाला नाही, बांधाचं भांडण नाही, सूर्य उलटा. मुलात खोट शोधायला वेळ अपुरा पडला. निर्णय वडील म्हणून तुमचा. अक्कास नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशींस काही नाही.

आपला आज्ञाधारक (मर्यादेत),
हंबीरराव

ता.क. निर्णय तुमचा असं वर लिहिलंय खरं, पण सुपारी मी तिथंच फोडून आलोय. अडकित्ता विमानतळावरच्या लोकांनी हत्यार समजून ठेवून घेतला, म्हणून दार्सीच्या दुकानातल्या हातोडीनं फोडली. एक तुकडा त्यांच्याकडं आहे, एक माझ्या खिशात. मामाला एवढाही अधिकार नसेल तर लग्नात पोरीच्या मागं उभं राहायला मला बोलवू नका.

ता.क. दुसरा. इव्होनीबाई, लेआंद्रो आणि दार्सी परवापासून माझ्याकडं राजारामपुरीत उतरले आहेत (मुलाचे वडील गाईंपाशी राहिले). आपण त्यांचं स्थळ बघितलं, आता त्यांना आपलं बघायचं आहे, हे रीतीला धरूनच आहे. उद्या सकाळी मलकापूरला येतो. दार्सीला तुमचे चारी बांध चालायचे आहेत, तेव्हा चुलतभावाशी चाललेलं भांडण दोन दिवस थांबवा, किंवा निदान खालच्या आवाजात करा. मुलीचे वडील स्वतः का आले नाहीत असं त्यांनी विचारलं होतं, तेव्हा खरं सांगायची मला लाज वाटली. गुडघ्याचं दुखणं आहे, उठवत नाही, असं सांगितलं. तुमच्या गुडघ्यासाठी तिथल्या पाद्र्यानं प्रार्थना केली आहे आणि इव्होनीबाईंनी मेंढीच्या चरबीचं मलम आणलं आहे. तेव्हा कृपा करून उद्या लंगडावं. उजवा सांगितला की डावा ते आठवत नाही, दोन्ही आलटून पालटून चालतील.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुम्ही पाकिटावरून ओळखलं असेल. अक्कानं तुमच्या हातात दिलं, पण तिला ते क्रांतीनं दिलं. पाहुण्यांबरोबर तीही आली आहे, आणि आज पहाटेच्या एसटीनं पुढं मलकापूरला. ती मागं गोठ्यात बसली आहे. मी म्हटलं होतं सरळ घरात जा, तुझंच घर आहे. ती म्हणाली, बाबांनी नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. जिद्द कुणावर गेली आहे ते मी लिहीत नाही. तुम्ही पत्र पुरं वाचेपर्यंत ती थांबणार आहे, आणि आता पत्र संपलं. दाजी, हाक मारा.